भग्नावशेषांचें दर्शन

भग्न झालेलें मंदिर किंवा ओसाड पडलेली राजधानी पाहून मनांत जो विषाद उत्पन्न होतो, तो सुसंस्कृत मनुष्याच्या सुखांपैकीं एक आहे, असें म्हटल्यास वाचकांस तें चमत्कारिक वाटेल. परंतु थोडें आत्मनिरीक्षण केल्यास त्यांतील तथ्य कोणासही पटण्यासारखें आहे. ढासळलेल्या तटावर गवत उगवलेलें असावें, सूर्य अस्तास चाललेला असावा, आणि आपण एखाद्या शिळेवर बसून येथें एके काळीं केवढें वैभव नांदत असेल असा सुस्कारा टाकावा, यांत दुःखाचा अंश फार थोडा आणि समाधानाचा अंश फार मोठा असतो. शेजारच्या घरीं मृत्यु झाला तर तेथें जावें लागतें, बसावें लागतें, प्रसंगीं पैशाचीही सोय पाहावी लागते; पण हजार वर्षांपूर्वीं नष्ट झालेल्या राष्ट्रासाठीं शोक करणाऱ्याला यांतील कांहींच करावें लागत नाहीं. तो शोक फुकटचा असतो. आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूबद्दल शहाणा मनुष्य जी शंका बाळगतो, ती या शोकाबद्दलही बाळगणें अवश्य आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. हा विचार आमच्या मनांत कसा आला, तें प्रथम सांगतों.

गेल्या हिवाळ्यांत अमेरिकेंत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या मुलाकडे आम्ही उभयतां गेलों होतों. त्याच्या आग्रहावरून टेक्सासच्या किनाऱ्यावरून निघून कॅरिबियन समुद्राकडे जाणाऱ्या एका भल्या मोठ्या बोटीवर आठवडाभराचा प्रवास घडला. हल्लींच्या या बोटी म्हणजे तरंगतीं शहरेंच होत. तीन-चार हजार माणसें, नाटकगृहें, पोहण्याचे तलाव, अष्टौप्रहर चालणारीं भोजनगृहें, असा सारा थाट घेऊन बोट रात्रभर चालते, सकाळीं एखाद्या बंदराला लागते, प्रवासी उतरून आगाऊ ठरविलेली सहल करून येतात, आणि संध्याकाळीं बोट पुन्हां सुटते. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पालगतचें कोझुमेल हें बेट अशा बोटींच्या अत्यंत गजबजलेल्या बंदरांपैकीं एक आहे. तेथील सहलींची यादी आदल्या दिवशीं आमच्या हातीं पडली. डॉल्फिनबरोबर पोहणें, मद्याच्या चवी घेणें, पाण्याखालचीं पोवळीं पाहणें आणि प्राचीन अवशेष पाहणें, अशा ओळी एकाखालीं एक छापलेल्या असून प्रत्येकीपुढें दर, तास आणि चालण्याचे श्रम यांचे आंकडे दिलेले होते. तुलूम येथील अवशेषांचें वर्णन एका लुप्त झालेल्या लोकांचें गूढ नगर असें केलेलें होतें. आम्हीं त्याच ओळीवर खूण केली, आणि आपली निवड इतरांहून उच्च प्रतीची आहे असा सूक्ष्म अभिमानही त्या वेळीं मनांत आला, हें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं छातीवर गटाच्या क्रमांकाची रंगीत चिठ्ठी चिकटवून आम्ही बेटावरून लहान बोटीनें मुख्य भूमीवर प्लाया देल कार्मेन या गांवीं उतरलों, व तेथून बसनें दक्षिणेकडे निघालों. या मार्गाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीं हीच सामुद्रधुनी ओलांडून माणसें उलट दिशेनें जात असत. कोझुमेल बेटावर इश्चेल नांवाच्या देवीचें क्षेत्र होतें, आणि संततीसाठीं व सुखप्रसूतीसाठीं मुख्य भूमीवरील माया स्त्रिया होडक्यांत बसून तिच्या दर्शनास जात. त्या स्त्रिया देवीजवळ कांहीं मागावयास आणि तिला कांहीं वाहावयास जात. आमच्या बसमधील कोणाला कांहीं मागावयाचें नव्हतें. आणि जें द्यावयाचें तें तिकिटाबरोबर देऊन झालें होतें. यात्रा आणि सहल यांतील भेद बहुधा इतकाच आहे, पण तो लहान नव्हे.

तुलूम हें स्थान रमणीय आहे यांत शंका नाहीं. सुमारें बारा मीटर उंचीच्या कड्यावर, निळ्या-हिरव्या समुद्राच्या अगदीं काठाशीं हें लहानसें नगर वसलेलें आहे. समुद्राची बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंना दगडी तट असून त्याला पांच अरुंद दरवाजे आहेत. तुलूम या शब्दाचा अर्थच मुळीं तट किंवा कुंपण असा आहे. नगराचें जुनें नांव झामा म्हणजे पहाट असें असावें, असें समजतात. आंत पायऱ्या-पायऱ्यांचें मुख्य मंदिर आहे. त्यावर चढण्यास आतां मनाई आहे. शेजारीं भित्तिचित्रांचें एक लहान देऊळ आहे. कित्येक दारांच्या वर डोकें खालीं आणि पाय वर केलेली, आकाशांतून खालीं झेपावणाऱ्या देवाची मूर्ति कोरलेली आहे. त्या देवाचा संबंध कोणी मधमाश्यांशीं जोडतात, कोणी मावळत्या सूर्याशीं. तापलेल्या दगडांवर इग्वाना नांवाचे, आमच्याकडील घोरपडीची आठवण करून देणारे प्राणी ऊन खात पडलेले होते. इ. स. १५१८ मध्यें क्युबाहून निघालेल्या ग्रिहाल्वा नांवाच्या स्पॅनिश सरदाराच्या गलबतांवरून किनाऱ्यावर एक नगर दिसलें. त्याच्याबरोबरच्या धर्मोपदेशकानें तें स्पेनमधील सेव्हिल शहराच्या तोडीचें म्हणून नमूद केलें आहे. तें नगर तुलूमच असावें असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. म्हणजे बोटीवरून हें नगर पाहणारे पहिले परदेशी प्रवासी आम्ही नव्हतों. आणि ते पाहत होते तेव्हां नगरांत माणसें होतीं, देवळांत धूप जळत होता, हें विसरून चालणार नाहीं.

आमचा वाटाड्या पन्नाशीच्या घरांतला, ठेंगणा, शांत बोलणारा गृहस्थ होता. त्यानें तट दाखविला, देवळें दाखविलीं, मायांची गणनापद्धति समजावून दिली. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पांच, शिंपल्यासारखें चिन्ह म्हणजे शून्य, आणि सारें गणित विसांच्या पटींत. शून्याचें नांव ऐकतांच आमच्यांतील भारतीय जागा झाला, व दोन प्राचीन राष्ट्रांना एकमेकांच्या नकळत तीच कल्पना सुचावी याबद्दल आम्हीं योग्य तें आश्चर्य व्यक्त केलें. मग समुद्राकडे पाहत, अशा वेळीं घालण्याचा जो गंभीर स्वर असतो त्या स्वरांत आम्हीं त्याला विचारलें, "इतकें बुद्धिमान् लोक, ते सारे गेले तरी कोठें?"

तो थोडा हसला. "साहेब," तो म्हणाला, "इतरांचें मला ठाऊक नाहीं. मी सकाळीं साडेपांचच्या बसनें इकडे आलों."

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. हा प्रश्न त्याला रोज कोणी ना कोणी विचारीत असावा आणि हें उत्तरही ठरलेलें असावें. पुढें चालतां चालतां त्यानें सांगितलें कीं, घरीं ते माया भाषाच बोलतात, आणि त्याच्या भाषेंत कुशल विचारतांना 'बिश आ बेल' असें म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'तुमची वाट कशी आहे' असा होतो. आमच्या मंडळींनीं तो शब्द दोन-तीनदां म्हणून पाहिला. आम्ही मात्र गप्प होतों. ज्याच्या तोंडून आम्ही तासभर माया लोकांची माहिती ऐकत होतों, त्याच्यासमोरच आम्हीं त्याच्या लोकांना मृत म्हणून जाहीर केलें होतें, आणि वर त्यांच्याबद्दल हळहळही व्यक्त केली होती.

बोटीवर परतल्यानंतर, व घरीं आल्यावर ग्रंथांच्या साहाय्यानें, आम्हीं या 'लुप्त' शब्दाचा माग घेतला. इ. सनाच्या ९ व्या शतकांत दक्षिणेकडील अरण्यांतील तिकाल, पालेंके, कोपान यांसारखीं मायांचीं मोठीं नगरें एकामागून एक उजाड झालीं, हें खरें आहे. तिकाल येथील तारीख कोरलेला शेवटचा स्तंभ इ. स. ८६९ चा आहे. वारंवार पडलेलीं अवर्षणें, राजाराजांमधील युद्धें, जमिनीवर पडलेला लोकसंख्येचा भार, अशीं अनेक कारणें विद्वान् देतात. परंतु राजधान्या ओस पडणें म्हणजे लोक नाहींसे होणें नव्हे. उत्तरेकडे नवीं नगरें उदयास आलीं. तुलूमचा भरभराटीचा काळ १३ व्या ते १५ व्या शतकांतला, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरांपासून पुढचा आहे. स्पॅनिशांच्या आगमनाबरोबर देवी वगैरे नवे रोग आले आणि माणसें भराभर मेलीं. इ. स. १५६२ मध्यें मानी या गांवीं दिएगो दे लांदा या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यानें मायांच्या मूर्ति आणि पोथ्या यांची जाहीर होळी केली. त्या होळींतून व इतर आपत्तींतून बचावलेल्या अवघ्या चार पोथ्या आज जगाला ठाऊक आहेत. तथापि पेतेन सरोवरांतील शेवटचें स्वतंत्र माया राज्य पडलें तें इ. स. १६९७ मध्यें. त्या वेळीं आपल्या इकडे जिंजीला मोगलांचा वेढा पडलेला होता. ज्यांना आम्ही पुराणकाळचे समजत होतों, ते या दृष्टीनें आमच्या राजाराम महाराजांचे समकालीन ठरले.

कथा येथेंही संपत नाहीं. इ. स. १८४७ मध्यें युकातानच्या मायांनीं जमीनदारांविरुद्ध शस्त्र उचललें. जंगलांत आपली राजधानी वसविली. बोलणाऱ्या क्रुसाच्या आज्ञेनें चालणारा एक नवा धर्मपंथ उभा केला. आणि १९०१ सालीं मेक्सिकोच्या फौजेनें ती राजधानी घेईपर्यंत म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ ते स्वतंत्र राहिले. तुलूमचा परिसर त्याच बंडखोरांच्या ताब्यांत होता. त्यानंतरही, विसाव्या शतकांतसुद्धां, आसपासचे माया लोक तुलूमच्या देवळांत येऊन धूप जाळीत व प्रार्थना करीत. प्रवाशांची गर्दी वाढली तेव्हां हें बंद पडलें. वाचकांनीं या शेवटच्या वाक्यावर क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. जें काम लांदाच्या होळीनें झालें नाहीं, फौजेच्या बंदुकांनीं झालें नाहीं, तें आमच्यासारख्या निरुपद्रवी, पैसे भरून आलेल्या, टोपी घातलेल्या प्रवाशांनीं केलें. आणि देऊळ रिकामें झाल्यावर त्याच रिकामेपणाकडे पाहून आम्ही उसासे टाकले.

येथें मूळ प्रश्नाकडे वळणें प्राप्त आहे. हयात असलेल्या लोकांना लुप्त म्हणण्याची ही सवय केवळ अज्ञानामुळें लागते काय? आमच्या मतें तसें नाहीं. अज्ञान सहज दूर होण्यासारखें असतें. पण ही सवय सोयीची आहे, म्हणून ती टिकते. मेलेल्याला हक्क नसतो. इ. स. १८३९ मध्यें जॉन लॉइड स्टीव्हन्स या अमेरिकन प्रवाशानें कोपानचे अवशेष पन्नास डॉलर्सना विकत घेतले ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच स्टीव्हन्सनें, हीं नगरें इजिप्शियनांनीं किंवा कोणा हरवलेल्या जातींनीं बांधलेलीं नसून याच देशांतील लोकांच्या पूर्वजांनीं बांधलेलीं आहेत, असें आपल्या ग्रंथांत निर्भीडपणें सांगितलें, हा त्याचा मोठेपणा होय. परंतु सत्य सांगणारी त्याची बुद्धि आणि पन्नास डॉलर्स मोजणारा त्याचा हात यांची गांठ पडली नाहीं. पूर्वज थोर होते हें मान्य करून वंशजांना व्यवहारांत शून्य लेखतां येतें, हें त्यावरून दिसतें.

याहून भयंकर उदाहरण ग्वातेमालाचें आहे. तिकालच्या अवशेषांना १९७९ सालीं जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १९८१ ते १९८३ या काळांत, त्याच देशांत लष्करानें माया लोकांचीं शेंकडों गांवें उद्ध्वस्त केलीं. १९६० पासून १९९६ पर्यंत चाललेल्या तेथील यादवी युद्धासंबंधीं नेमलेल्या सत्यशोधन मंडळानें १९९९ सालीं जो अहवाल दिला, त्याप्रमाणें दोन लाखांहून अधिक माणसें मारलीं गेलीं किंवा बेपत्ता झालीं, आणि ज्या बळींची पूर्ण ओळख पटली त्यांपैकीं शेंकडा ८३ माया होते. दगडांच्या जतनासाठीं सारें जग एकत्र आलें असतां, त्या दगडांवरील भाषांच्या कुळांतल्या भाषा बोलणारीं माणसें बेपत्ता होत होतीं. अवशेषांबद्दलचा आदर आणि माणसांबद्दलची उपेक्षा हीं एकाच ठिकाणीं सुखानें नांदूं शकतात याला याहून मोठा पुरावा तो कोणता?

यावर कांहीं आक्षेप येतील, त्यांचा विचार करणें न्यायाचें होईल. पहिला आक्षेप असा कीं, प्रवाशांमुळेंच तेथील लोकांना पोटापाण्याचा उद्योग मिळतो. ते न आले तर वाटाड्या उपाशी राहील. हें खरें आहे, आणि घरीं बसून आपले हात शुद्ध राखणें हा उपाय आम्ही सुचवीत नाहीं. परंतु मजुरी देणें आणि मान देणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, व पहिलीनें दुसरीची फेड होत नाहीं. याविषयींचा आमचाच एक अपराध येथें सांगतों. तटाबाहेरील बाजारांत एक म्हातारी पांढऱ्या सुती कापडावर रंगीत फुलें भरलेले सदरे विकत होती. सौभाग्यवतींना एक सदरा आवडला. आम्हीं मंडईंतल्या संवयीप्रमाणें घासाघीस करून तो जवळ जवळ निम्म्या किंमतीला मागितला, आणि म्हातारीनें बसची वेळ झालेली पाहून तो दिला. त्यापूर्वीं अर्ध्या तासावर, आंतील देवळाच्या भिंतीवर राहिलेल्या रंगाच्या चार रेषा पाहून आम्ही माया लोकांच्या कलेची मुक्तकंठानें स्तुति करून आलों होतों. मेलेल्या हातांची स्तुति करावयाची आणि जिवंत हातांची मजुरी कापावयाची, हा हिशेब बसमध्यें बसल्यावर आमच्या ध्यानांत आला. तोंवर बस सुटली होती.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. आजचा माया म्हणजे प्राचीन माया नव्हे. त्याचा धर्म ख्रिस्ती आहे, तो पाटलोण घालतो, त्याला ती लिपि वाचतां येत नाहीं. किंबहुना 'माया' हें एकच नांव या सर्व लोकांना बाहेरच्यांनींच सरसकट लावलें असून त्यांच्यांतील कित्येक स्वतःला निराळ्याच नांवांनीं ओळखत आले. मग हे त्यांचे वारस कसे? या आक्षेपाला आम्ही उलट प्रश्न विचारतों. वेरूळचें कैलास लेणें खोदणाऱ्यांशीं आमचें तरी काय साम्य राहिलें आहे? त्यांची भाषा आम्ही बोलत नाहीं, त्यांची लिपि आम्हांस वाचतां येत नाहीं, आणि पोशाखाची तर गोष्टच नको. तरीही तें आमचें आहे असें आम्ही छाती पुढें करून म्हणतों, व कोणी आमच्याजवळ दाखला मागत नाहीं. बदलत राहण्याचा हक्क आम्ही स्वतःसाठीं गृहीत धरतों; मात्र दुसऱ्यानें आपल्या पूर्वजांचा वारस ठरण्यासाठीं हजार वर्षें जसेंच्या तसें राहिलें पाहिजे, अशी अट त्याला घालतों. जो बदलला तो मेला असें मानावयाचें असेल, तर जगांत जिवंत असें राष्ट्रच उरणार नाहीं.

शिवाय येथें वस्तुस्थितीही आक्षेपकाच्या विरुद्ध आहे. माया शिलालेख अनेक पिढ्या कोणाला वाचतां येत नव्हते. त्यांची किल्ली सांपडली ती १९५२ सालीं युरी क्नोरोझोव्ह या रशियन पंडिताला, आणि ती त्याला दोन साधनांच्या आधारानें सांपडली. एक साधन म्हणजे त्या लांदानेंच मागाहून लिहून ठेवलेली, बरीच घोटाळ्याची वर्णमाला. पोथ्या जाळणाऱ्याच्या हातूनच ती लिहिली जावी, हा दैवाचा खेळ होय. दुसरें साधन म्हणजे युकातानमधील लोकांची भाषा. पोथींत टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हें होतीं. त्या पक्ष्याला माया भाषेंत 'कुत्स' म्हणतात. कुत्र्याच्या चित्रावरही दोन चिन्हें होतीं. त्याला 'त्सुल' असा शब्द आहे. पहिल्या शब्दाच्या शेवटीं आणि दुसऱ्याच्या आरंभीं चिन्ह एकच निघालें, आणि हीं अक्षरें आहेत हें सिद्ध होण्यास मोठा आधार मिळाला. तात्पर्य, ती भाषा बोलणारे लोक खरोखरच लुप्त झाले असते व त्यांचे शब्द कोणाच्याच तोंडीं किंवा कोशांत उरले नसते, तर ते दगड आजही मुकेच राहिले असते. आज तीस-एक माया भाषा बोलणारे मिळून साठ लाखांहून अधिक लोक आहेत. एकट्या युकातानी माया भाषेचे मेक्सिकोंतील बोलणारे २०२० च्या गणनेप्रमाणें सात लाखांहून अधिक भरले. अवशेष हे त्या लोकांमुळें बोलके झाले आहेत. त्यांना वगळून अवशेष पाहणें म्हणजे पत्र ठेवून घेऊन लिहिणाऱ्याला दारांतून परत लावण्यासारखें आहे.

तिसरा आक्षेप असा कीं, दीड तासाच्या भेटींत इतकें सारें कोणाला कळणार? हा आक्षेप आम्ही मान्य करतों. बोट संध्याकाळीं सुटते, आणि माणसाचें आयुष्यही फार मोठें नाहीं. प्रत्येक ठिकाणचा इतिहास कंठस्थ करूनच पाय टाकावा असा नियम केला तर कोणीच घराबाहेर पडणार नाहीं. परंतु आमची मागणी ज्ञानाची नाहीं; ती संकोचाची आहे. जें ठाऊक नाहीं त्याबद्दल निकाल देऊं नये, आणि विशेषतः समोर उभ्या असलेल्या मनुष्याच्या मृत्यूचा निकाल देऊं नये, यासाठीं पांडित्य लागत नाहीं. थोडी लाज पुरते.

आतां हें सारें दूरच्या देशांतलें म्हणून सोडून देतां आलें असतें तर बरें झालें असतें. पण परत आल्यापासून आम्हांस आपल्या इकडील लेण्यांकडे पूर्वींच्या दृष्टीनें पाहतां येत नाहीं. अजिंठ्याचीं लेणीं १८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें शोधून काढलीं, असें आम्ही शाळेंत पाठ केलें. त्यानें दहाव्या लेण्यांतील खांबावर आपलें नांव व तारीख कोरून ठेवली आहे. त्या रानांत गुरें चारणाऱ्यांना तीं लेणीं ठाऊक नव्हतीं काय? पण त्यांचें पाहणें हें पाहणें नव्हे असें त्या काळीं ठरलें, आणि आपणही तें निमूटपणें मान्य केलें. म्हणजे ज्यांच्या देशाला इतरांनीं भग्नावशेष म्हणून पाहिलें, अशांपैकींच आम्ही आहों. आणि तरीही कार्ल्याला गेलों कीं आम्ही काय करितों? त्या भव्य चैत्यगृहाच्या अगदीं तोंडाशीं एकवीरा देवीचें देऊळ आहे. कोळी, आगरी वगैरे मंडळी कोंबडीं-नारळ घेऊन, वाजतगाजत, मुलाबाळांसह तो डोंगर चढून येतात. आमच्यासारखा शिकलेला मनुष्य अशा वेळीं नाक मुरडतो. या गर्दीमुळें आणि गलबल्यामुळें प्राचीन शिल्पाची शांति बिघडली असें म्हणतो. आम्हीं स्वतः हें एकाहून अधिक वेळां म्हटलें आहे. त्या डोंगरावरचें आजचें जिवंतपण कोणाचें आहे, आणि त्यांत पाहुणा कोण आहे, हा विचार कधीं मनाला शिवला नाहीं. तुलूमच्या देवळांतला धूप ज्या वृत्तीमुळें विझला, तीच ही वृत्ति. फक्त येथें अजून तिचा जय झालेला नाहीं, हें देवीचे उपकार.

आमच्या भाषेंत देवळांत जाण्याला 'पाहणें' न म्हणतां 'दर्शन घेणें' म्हणतात. दर्शन घेणारा असें मानतो कीं, आपण मूर्तीकडे पाहतों तशी मूर्तिही आपणांकडे पाहत असते; म्हणून तो पादत्राणें बाहेर काढतो, आवाज खालीं आणतो, आणि रिकाम्या हातीं जात नाहीं. भग्नावशेषांविषयीं एवढीच वृत्ति बाळगावी असें आमचें म्हणणें आहे. तेथें आपणांकडे पाहणारें कोणीतरी आहे हें धरून चालावें. तें बहुधा खरेंच असतें. तो वाटाड्या आहे, ती सदरे विकणारी म्हातारी आहे, बसचा चालक आहे, तट झाडणारा नोकर आहे. या माणसांसमोर बोलतांना क्रियापदाचा काळ जपून वापरावा. 'होते' म्हणण्यापूर्वीं 'आहेत' कीं काय तें पाहावें. व्याकरणाची ही चूक क्षुल्लक दिसते. पण तिच्यामुळें जमिनी गेल्या आहेत, देवळें रिकामीं झालीं आहेत, आणि इतरांना त्याबद्दल वाईट वाटण्याची जरूरही उरलेली नाहीं.

असो. संध्याकाळीं निरोप घेतांना आमच्या मंडळींनीं त्या वाटाड्याला 'बिश आ बेल' म्हटलें. उच्चार चुकला असावा, कारण तो मोठ्यानें हसला. मग 'मालोब' म्हणजे चांगली आहे, असें त्यानें उत्तर दिलें, आणि आमची वाट कशी आहे असें उलट विचारलें. आम्ही त्या वेळीं घाईंत होतों. लहान बोट चुकली तर मोठी बोट आमच्यासाठीं थांबणार नव्हती. तेव्हां नुसता हात हलवून बसमध्यें चढलों. त्याच्या प्रश्नाला द्यावयाचें राहिलेलें उत्तर म्हणून हीं चार पानें लिहिलीं आहेत.